टोप्या बसल्या का?

मिस्तरी आणि मी, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे हात धुणं. नाशकात वडाळा नाक्याजवळच्या आमच्या पत्र्याच्या गॅरेजात रोज संध्याकाळी आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग कपड्याची पावडर, अशी आमची हात धुवायची पद्धत. मी डबड्यानं पाणी ओतायचं, त्यानं चोळायचं. मग त्यानं ओतायचं, मी चोळायचं. त्या दिवशीही तसंच केलं. समोर गुरुजींची जुनी जर्मन डिझेल गाडी उभी होती. तिच्या कॅमशाफ्टच्या पाचही कॅपा बसल्या होत्या. चेन चढली होती, झाकण लागलं होतं, तेल भरून झालं होतं. खालच्या पुलीला लांब पाना लावून त्यानं अख्खं इंजिन हातानं फिरवून बघितलं. कुठं अडलं नाही, कुठं घासलं नाही. फक्त सेल्फ मारून गाडी चालू करायची राहिली होती.

"मार मग," मी म्हणालो.

"उद्या."

"आत्ता काय झालं?"

"नवी सून आणि नवी कॅप, एक रात्र घरात राहू द्यायची. मग कामाला लावायची." त्यानं हात पुसले, फडकं खिळ्याला अडकवलं. "वहिनीला सांग. उद्या दुपारी जेवायला येतो."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. माफ तर मुळीच केलेलं नाही.

तो मागच्या पावसाळ्यात गेला. गॅरेज लाइनीतल्या पोरांनी त्याचा फोटो लावला, हार घातला, आणि मलाही बोलावलं. तुम्ही त्यांचे जुने भागीदार, दोन शब्द बोला म्हणाले. मी मागं बसलो. एकेक जण उठून सांगायला लागला, मिस्तरी कसे और माणूस होते, त्यांच्या काय काय तऱ्हा होत्या. आणि एकानं ती गोष्ट काढली. आमच्या घरातली. त्या सकाळची. त्याला ती विनोदी वाटत होती. सगळे हसले. फोटोला हार घातलेला, आणि हसले. मी उठून चालता झालो. म्हणून हे लिहितोय. मी सातवीपर्यंत शिकलोय, गोड लिहिता येत नाही. गोड लिहायचंही नाही.

नावानं त्याला कुणीच ओळखत नव्हतं. सगळ्या नाशकात तो नुसता मिस्तरी. भद्रकालीत एका खोलीत एकटा राहायचा. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायचा, "मला वेळच्या वेळी घरी जायचं जमणार नाही, आणि बाई बोलणार, आणि बाईचं बरोबर असणार." एवढं कळत होतं त्याला. बाईचं बरोबर असतं हे कळत होतं.

मी मूळचा चांदवडकडचा. कांद्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. एकदा आग्रा रोडवर ट्रक बंद पडला, त्यानं येऊन चालू करून दिला, आणि नंतर गाडी चालवून बघ म्हणालो तर मागं सरकला. मिस्तरीला गाडी चालवता येत नव्हती. अख्खं इंजिन सुटं करून परत जोडणारा माणूस, पण स्टेअरिंगला हात लावायचा नाही. "मी चालवायला लागलो तर ऐकणार कोण?" म्हणायचा. त्याला ट्रायल मारायला ड्रायव्हर पाहिजे होता, मला ट्रकचा कंटाळा आला होता. अशी आमची भागीदारी झाली. मी गाडी आडगाव नाक्यापर्यंत न्यायची, तो मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. मध्येच म्हणायचा, "थांब." थांबलो की खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला. लोक समजायचे वेडा आहे. पण सांगायचा ते खरं निघायचं.

गिऱ्हाइकाला त्याचा एकच प्रश्न असायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्तरी, आवाज येतोय. हा विचारायचा, "कधीपासून?" कुठून येतो हे कधी विचारलं नाही. "कुठून ते मी बघेन. कधीपासून ते तू सांग, म्हणजे तू किती दिवस कानात बोळे घालून हिंडत होतास ते कळेल." निम्मी गिऱ्हाइकं यावरून फिरकली नाहीत. ज्यांना त्याची जीभ सोसली ती मरेपर्यंत त्याचीच राहिली.

आता त्याचं खरं खूळ सांगतो. त्याला शपथेसारखा पण करायची सवय होती. अमुक होईपर्यंत तमुक बंद. एका ट्रॅक्टरचं तेल गळायचं थांबेना, तर यानं चपला सोडल्या. भर वैशाखात तापलेल्या डांबरावरून अनवाणी भद्रकालीला जायचा-यायचा, पायाला फोड. एका टेम्पोच्या गिअरबॉक्समधला आवाज सापडेना, तर खाली बसणं बंद. जेवणसुद्धा उभ्यानं, घोड्यासारखं. एकदा चहा सोडला. तो दिवसाला इतके कटिंग प्यायचा की कोपऱ्यावरचा टपरीवाला माझ्याकडं आला. म्हणाला, "भाऊ, ती गाडी कुणाची आहे? मी ढकलत नेतो, पण मिस्तरीला चहाला पाठवा."

मी विचारायचो, "गाडी बिघडली, यात तुझ्या पायाची काय चूक?"

"मला सापडत नाही, ही माझी चूक. चूक केली की शिक्षा पाहिजे. नाहीतर सवय लागते."

"आणि शिक्षा देणार कोण?"

"दुसरं कुणी देत नाही ना, म्हणून मीच."

ऐकायला बरं वाटतं. मलाही तेव्हा वाटायचं, काय माणूस आहे. आता वाटतं, स्वतःला शिक्षा देणारा माणूस ती एकटा कधीच भोगत नाही. त्याच्या फोडांना खोबरेल तेल कुणी लावलं? माझ्या बायकोनं वाटीत घालून पाठवलं. त्यानं चहा सोडला तेव्हा ती म्हणाली, "भावजी चहा घेत नाय, तर आपण तरी त्यांच्या म्होरं कशाला घ्यायचा?" माझाही बंद.

ती त्याला भावजी म्हणायची, तो तिला वहिनी. माझ्या डब्याबरोबर त्याचा डबा रोज यायचा. रविवारी आमच्या सिडकोतल्या दोन खोल्यांत तो जेवायला असायचाच. तिनं कधी विचारलं नाही, त्यानं कधी येतो म्हणून सांगितलं नाही. तीन ताटं हा आमच्या घरचा हिशेब होता. जेवण कसं झालंय असं विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "मीठ आहे." यापलीकडं कौतुक नाही. तिला मी कधी काही छान म्हणालो की ती म्हणायची, "तुमचं राहू द्या. भावजी काय म्हणतात बघू." आणि त्यानं "मीठ आहे" म्हटलं की हसायची, पदर तोंडाला लावून. मला राग यायचा. खरंच यायचा.

गुरुजींची गाडी आली ती पावसाळ्याच्या शेवटाला. नव्वदीचे शेवटचे दिवस होते. पंचवटीतले हे गुरुजी. परगावचे यजमान त्र्यंबकला न्यायचे-आणायचे, त्यासाठी त्यांनी कुणाकडून तरी ही जर्मन गाडी घेतली होती. गाडी त्यांच्याहून म्हातारी. वरून सारखी टकटक. मिस्तरीनं नेहमीचा प्रश्न विचारला, "कधीपासून?"

"वर्ष झालं असेल," गुरुजी म्हणाले.

"वर्षभर तुमच्या घरात कुणी दार वाजवलं असतं तर उघडलं असतं ना?"

गुरुजी शांत माणूस. म्हणाले, "उघडलं असतं. म्हणूनच आलो."

झाकण उघडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनच्या डोक्यावर एक आडवी दांडी फिरत असते, तिला कॅमशाफ्ट म्हणतात. तिच्यामुळं इंजिनची दारं उघडतात, मिटतात. ही दांडी वरून दाबून धरायला पाच ठिकाणी अर्धगोल तुकडे बोल्टनं आवळलेले असतात. त्या कॅपा. खालची अर्धी खोबण आणि वरची कॅप कारखान्यात एकत्रच कोरतात, त्यामुळं एकीची कॅप दुसरीच्या जागी चालत नाही. उलटी फिरवून लावली तरी चालत नाही. गुरुजींच्या गाडीत तेलाची नळी तुंबली होती. तेल वर पोचत नव्हतं, आणि पाचही कॅपा कोरड्याच खाल्ल्या गेल्या होत्या. नव्या मिळायची सोय नव्हती. दुसऱ्या कुणी गाडी भंगारात काढा म्हणून सांगितलं असतं.

मिस्तरी मालेगावला गेला. तिथं जुन्या गाड्यांच्या भंगारात त्याला त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीच्या इंजिनचं अख्खं हेड मिळालं, कॅपांसकट. एसटीतून मांडीवर घेऊन आला, घोंगडीत गुंडाळून. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे त्यात?" हा म्हणाला, "डोकं." शेजारचा माणूस उठून मागच्या सीटवर गेला. ही गोष्ट त्यानं आमच्या घरी सांगितली तेव्हा ती इतकी हसली की भाकरी तव्यावर करपली.

आता दुसऱ्या इंजिनच्या कॅपा या इंजिनला बसवायच्या म्हणजे दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात बसवण्यासारखं आहे. त्यानं एकेक कॅप काचेवर बारीक घासली. मग कॅमशाफ्टला निळा रंग लावायचा, कॅप आवळायची, दांडी फिरवायची, परत सोडायची. रंग जिथं लागला तिथं उंचवटा. तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा. परत रंग, परत आवळ, परत सोड. दिवसात एखादी कॅप जराशी वळणावर यायची. त्या कॅपांवर जुने आकडे होते, पण ते दुसऱ्या इंजिनचे. ज्या जागी जी बरी बसली ती यानं तिथं घेतली, म्हणजे आकडे सगळे खोटे. मी म्हणालो, पंच मारून खुणा कर. तर म्हणाला, "ठोका मारला की धातू उठतो. मला माझ्या कॅपा माहीत आहेत." आणि फळीवर, स्वच्छ फडक्यावर, ओळीनं मांडून ठेवल्या. डावीकडून उजवीकडं, इंजिनात बसतील तशा. त्या फळीकडं मी बोट केलं तरी ओरडायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते. आमच्या गॅरेजात ती पूजा माझी बायकोच मांडायची. त्या दिवशी दुपारी यायची, सगळे पाने, पान्यांच्या गोट्या, हातोड्या, जॅक घासून पुसून लख्ख करायची. दरवर्षीचं काम. त्या वर्षी आली तेव्हा मी झेंडू आणायला निघालो होतो, मिस्तरी कटिंग प्यायला टपरीवर निघत होता. तिनं त्याला विचारलं. माझ्या कानानं ऐकलंय.

"भावजी, काय काय घासायचं?"

"सगळं, वहिनी. सगळं म्हणजे सगळं. देवाला काळं तोंड दाखवायचं नाही."

परत आलो तेव्हा फळीवर पाचही कॅपा आरशासारख्या चमकत होत्या. तिनं त्या चिंच आणि राख लावून, तारेच्या घासणीनं घासल्या होत्या. घरचे देव घासते तशा. मऊ पांढरा धातू, आतून बाहेरून ओरखडेच ओरखडे. निळा रंग गेला, स्क्रेपरचा हात गेला. एका परातीत घालून सगळ्या एकत्र धुतल्या होत्या, म्हणजे कुठली कुठली हेही गेलं. आणि वर प्रत्येकीला हळदीकुंकू लावून, अर्धगोल भाग वर करून, चंद्रकोरीसारख्या मांडल्या होत्या. फार सुंदर दिसत होत्या. ती म्हणाली, "ह्या टोप्या लय मळल्या होत्या, बाई. हात भरून आले."

मी मिस्तरीकडं बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. ती रडली असती, मी त्याच्यावर ओरडलो असतो, आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. तो ओरडला नाही. त्यानं एक कॅप उचलली, आत बोट फिरवलं, ठेवली. दुसरी उचलली. ठेवली. पाचही बघून झाल्या. मग त्यानं नीट पूजा केली, नारळ फोडला. तिनं नैवेद्याचं ताट पुढं केलं, तर हात मागं घेतला.

"वहिनी, आता ही गाडी चालू झाली की तुमच्या हातचं खाईन. तोपर्यंत नाही."

तिला कळायलाच वेळ लागला. काय केलं आपण, ते मी रस्त्यात सांगितलं. 

त्यानंतर त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. एक कॅप फार पातळ झाली होती, तिच्यासाठी परत मालेगाव. बाकीची कामं चालूच होती, त्यातून वेळ मिळेल तसं हे. दसरा गेला, दिवाळी आली. दिवाळीला आमच्या घरी तिसरं ताट नव्हतं. तिनं फराळाचा डबा पाठवला, तो त्यानं माझ्यापुढं सरकवला. रोजचा डबा मात्र ती पाठवतच राहिली. आणि या माणसानं काय करावं? डब्याचं झाकण उघडायचा, वास घ्यायचा, म्हणायचा, "आज मेथी," आणि झाकण लावून मला द्यायचा. मी दोघांचं खाऊन फुगलो. तो टपरीवरचा मिसळ-पाव खाऊन पोट धरून बसायचा.

संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की तिचा एकच प्रश्न. "टोप्या बसल्या का?"

पाणी विचारायच्या आधी हा प्रश्न. तिला आता सगळं कळायला लागलं होतं. तीन नंबर आज आवळल्यावर फिरत नाही, दोन नंबर उद्या होईल. शेजारणीला सांगायची, "त्येंची दोन नंबर अडलीय." शेजारणीला वाटायचं कुणी आजारी आहे.

एकदा ती स्वतः गॅरेजात आली. दारातच उभी राहिली, आत आली नाही. तो गाडीवर वाकलेला.

"भावजी, माझं चुकलं."

"तुमचं काही चुकलं नाही वहिनी. 'सगळं' मी म्हणालो होतो. फळी मी उघडी ठेवली. ही शिक्षा माझी मला आहे."

"मग ती मला का देता?"

 पाना घेऊन तो गाडीखाली शिरला. कॅमशाफ्ट वर असतो. गाडीखाली त्याचं काय काम होतं? ती त्याच्या पायांकडं बघून परत गेली. मी त्या पायांना लाथ घातली. हलकी. तो म्हणाला, "मारू नको, बोल्ट हातात आहे."

गुरुजींनीसुद्धा सांगून बघितलं. ते दर आठवड्याला चौकशीला यायचे, त्यांना हे कळलं होतं. "मिस्तरी, गाडी माझी. मला घाई नाही. तुमचं प्रायश्चित्त मी सांगतो, सोपं आहे. आज यांच्या घरी जाऊन जेवा."

"गुरुजी, मंत्रातला एखादा शब्द मागंपुढं झाला तर चालतो का?"

"नाही चालत."

"मग."

"पण मंत्र चुकला म्हणून मी यजमानाच्या घरचं पाणी सोडत नाही. परत म्हणतो."

यावर तो हसला आणि स्क्रेपर घासायला लागला. एवढा शहाणा माणूस समोरून एवढं नीट सांगतोय, आणि हा हसतो. हट्टी माणसाला आपला हट्ट म्हणजे प्रामाणिकपणा वाटतो. मी त्याला एकदा हे तोंडावर बोललो. "तू प्रामाणिक नाहीस. तू गर्विष्ठ आहेस. दुसरं कुणी तुझ्याइतकं वाईट वाटून घेऊ शकत नाही, असा तुला गर्व आहे." तो म्हणाला, "असेल." 'असेल' म्हणणाऱ्या माणसाशी भांडण तरी काय करणार?

तिला तेव्हा छातीत जळजळायचं. पित्त म्हणायची, जिरं चावायची. मी दवाखान्यात चल म्हणालो तर म्हणायची, "एकदा भावजींची गाडी चालू होऊ द्या." या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही नाही. तिला मात्र ते एकच काम वाटायचं.

चंपाषष्ठीच्या सुमाराची थंडी होती. सकाळी निघताना मी तिला सांगितलं, आज बहुतेक होईल. म्हणून तिनं संध्याकाळी वांग्यांचं भरीत केलं, बाजरीच्या भाकरी टाकल्या. तीन ताटं मांडली. मी घरात आलो तर माझ्याकडं बघितलंच नाही, माझ्या मागं बघितलं.

"भावजी?"

"उद्या म्हणतो."

"का? टोप्या नाय बसल्या?"

"बसल्या. सगळ्या बसल्या. रात्रभर राहू द्यायच्या म्हणतो. उद्या दुपारी जेवायला येतो म्हणालाय."

ती हसली. किती दिवसांनी हसली. "ऱ्हाऊ द्या की. उद्या तर उद्या." त्याच्या वाटणीच्या दोन भाकरी फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवल्या, भरिताच्या पातेल्यावर ताटली झाकली. "ह्या सकाळी आपण खाऊ. भावजींना दुपारी गरम टाकीन." मग बराच वेळ उद्या काय काय करायचं तेच बोलत होती. पहाटे मी उठलो तर ती उठली नव्हती. हात लावला. डॉक्टर येऊन गेले, हृदय म्हणाले.

ती गाडी पुढं गुरुजींनी दुसऱ्या मिस्तरीकडून चालू करून घेतली. पहिल्या सेल्फला लागली. काही करावंच लागलं नाही, असं त्या मिस्तरीनं मला मुद्दाम येऊन सांगितलं. त्याला वाटलं मला बरं वाटेल. म्हणजे ती आदल्या संध्याकाळीच लागली असती. आम्ही दोघं गाडीत बसून सिडकोला आलो असतो. त्यानं हात धुतले असते, बसला असता, "मीठ आहे" म्हणाला असता. एका रात्रीचा प्रश्न होता, आणि तो त्याच्या हातात होता. मी त्यानंतर गॅरेजात पाय ठेवला नाही. अंबडला कंपनीच्या टेम्पोवर लागलो. तो समोरून येताना दिसला तर रस्ता बदलायचो. लोक सांगतात, त्यानंतर त्यानं कधी कसलाच पण केला नाही. चांगलं झालं. जरा आधी सुचायला पाहिजे होतं.

तर त्या सकाळची गोष्ट, जिला ती पोरं हसली. ती अशी आहे.

बाहेरच्या खोलीत तिला ठेवलं होतं. चांदवडहून तिचा भाऊ आला होता, गल्लीतल्या बाया बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून तिच्या उशाशी. मिस्तरी आला तो आंघोळ करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून. जेवायला यायचा म्हणून घातला असणार. नाक्यावर कुणीतरी सांगितलं असेल. तो आत आला, तिच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. सरळ मधल्या दारातून स्वयंपाकघरात गेला.

आत शेजारीण आवरत होती. मयताच्या घरातलं शिजलेलं ठेवत नाहीत, भरलेलं पाणीही ठेवत नाहीत. माठ, हंडा ओतून झाले होते. भरिताचं पातेलं आणि भाकरीचं टोपलं घेऊन ती मागच्या दारानं टाकायला निघाली होती. त्यानं तिच्या हातातून दोन्ही घेतलं.

"अहो, ते टाकायचंय," ती म्हणाली.

"हे वहिनींनी केलंय ना?"

"हो, काल."

तो तिथंच फरशीवर बसला. ताट घेतलं नाही. टोपल्यातच भाकरी मोडली, पातेल्यातच भरीत लावलं आणि खायला लागला. बाहेर प्रेत आणि आत हा जेवतोय. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. तिचा भाऊ उठला. "अहो, हे काय चाललंय? माणूस आहात का कोण? उठा." त्यानं मान वर केली नाही. भाऊ त्याच्या दंडाला धरून ओढायला गेला. तो हललाच नाही. एक हात धरलेला, दुसऱ्या हातानं खातोय. गाडी चालू झाली नव्हती. पण तो खात होता.

मी उठलो. मी त्याला मारायलाच उठलो होतो, हे खोटं सांगणार नाही. माझ्या हातात त्या वेळी पाना असता तर मी तो घातला असता. मी दारात पोचलो तेव्हा त्याचा घास अडकला. शिळी बाजरीची भाकरी, थंडीनं दगड झालेली, पाण्याशिवाय उतरत नाही. तो खोकायला लागला. डोळे बाहेर, गळ्याच्या शिरा ताठ. तरी हातातला तुकडा सोडेना. सगळे नुसते बघत होते. त्या घरात कुणीही त्याला पाणी देणार नव्हतं, आणि घरात पाणी नव्हतंही.

मी तांब्या उचलला. तिला ओलांडून बाहेर नळावर गेलो. तांब्या भरला, आत आलो, आणि त्याच्यापुढं आदळला. अर्धं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. राहिलेलं त्यानं घटाघटा पिऊन टाकलं, आणि दुसरी भाकरी मोडली.